आपत्तीचा क्षण आणि संगोपनाचा काळ : मराठी कथनातील अपंग मूल

१

किल्लारीच्या भूकंपाविषयी बोलताना आपण बहुधा एका क्षणाविषयी बोलत असतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चार वाजायला काही मिनिटे कमी, गणेशविसर्जनाहून परतलेली गावे गाढ झोपेत, आणि दगडमातीच्या दोन-तीन फूट रुंद भिंतींवर पेललेली माळवदे. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. ५२ गावे नव्याने वसवावी लागली. वृत्तपत्रे, कविता, अहवाल आणि आठवणी या सर्वांनी हा क्षण पुनःपुन्हा सांगितला आहे. अतुल देऊळगावकर यांच्यासारख्या लातूरकर लेखकाने घरबांधणी, भूकंपशास्त्र आणि पुनर्वसन यांचा मेळ घालून या क्षणाच्या मागचा-पुढचा विचार 'डळमळले भूमंडळ'मध्ये केला, हे महत्त्वाचेच. तथापि आपत्तीविषयीच्या एकूण लेखनव्यवहाराचा कल क्षणाकडे राहिला, हे नाकारता येत नाही.

त्या क्षणात काही मुले ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली. काही दिवसांनंतर सापडलेले तान्हे मूल हा त्या काळच्या वार्तांकनाचा आवडता विषय होता. अशा मुलाची कथा 'वाचले' या क्रियापदापाशी पूर्ण होते. मात्र मणक्याला इजा झालेले, पाय गमावलेले किंवा भूकंपापूर्वीच जन्मांध असलेले आणि आता आईवडिलांनाही मुकलेले मूल या कथेत सामावत नाही. त्याची कथा 'वाचले' या क्रियापदापासून सुरू होते, आणि पुढे वीस-तीस वर्षे चालते. प्रस्तुत लेखाचा प्रश्न हा आहे की, या दुसऱ्या प्रकारच्या काळासाठी मराठी कथनाने कोणते रूपबंध घडवले आहेत? अपंग मुलाचे संगोपन हे आपल्या साहित्यात, रंगभूमीवर आणि चित्रपटात कोणाच्या मुखातून, कोणत्या कालमानात आणि कोणत्या व्याकरणात सांगितले जाते?

बाख्तीनने कादंबरीच्या चर्चेत काल आणि अवकाश यांच्या परस्परबद्ध रूपाला मध्यवर्ती स्थान दिले. त्या अर्थाने पाहता आपत्ती आणि संगोपन हे दोन भिन्न कालावकाश आहेत. आपत्तीचा काळ एकदाच घडतो, तो उंबरठ्याचा काळ आहे. संगोपनाचा काळ आवर्तनाचा आहे : उठवणे, भरवणे, शौचास नेणे, कूस बदलणे, पुन्हा उठवणे. त्यात प्रगती असते, पण ती इतकी संथ असते की कथानकाला हवा तो कलाटणीचा बिंदू तिच्यात सापडत नाही. मराठी कथन या आवर्तनाला बगल देऊन वारंवार क्षणाचा आश्रय घेते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२

या बगल देण्याची परंपरा जुनी आहे, आणि तिचा बराच भाग मराठवाड्याच्याच भूमीत घडला. महानुभाव पंथाच्या 'दृष्टांतपाठा'त जात्यंधांनी हत्ती चाचपण्याचा दृष्टांत येतो. प्रत्येकाच्या हाती हत्तीचा एकेक अवयव लागतो आणि प्रत्येकजण तेवढ्यालाच हत्ती म्हणतो. दृष्टांताचे कार्य उघड आहे : अंध माणूस तेथे अंध म्हणून येत नाही, तर अपुऱ्या ज्ञानाची खूण म्हणून येतो. त्याचे घर कोणते, त्याला हत्तीपर्यंत कोणी आणले, हे प्रश्न दृष्टांताच्या कक्षेबाहेरचे असतात. पैठणच्या एकनाथांच्या भारुडांत 'आंधळा', 'पांगळा', 'बहिरा', 'मुका' ही सोंगे आहेत. येथे एक महत्त्वाची भर पडते. भारुडातील अपंग प्रथमपुरुषी बोलतो. परंतु हा 'मी' सोंगाचा 'मी' आहे. त्याचे अपंगत्व हे संसारात गुरफटलेल्या जीवाचे अपंगत्व असते. डोळस गायक आंधळ्याचे सोंग घेतो, आणि श्रोता आपल्याच आंतरिक अंधत्वाकडे वळतो. खरोखरीचा आंधळा भिक्षेकरी त्या वेळी फडाच्या कडेला बसलेला असला तरी भारुडाचा विषय तो नसतो.

रूपकाची ही प्रक्रिया दोन्ही दिशांनी चालते. अंधत्व अज्ञानाचे रूपक होते, तसेच ते अलौकिक ज्ञानाचेही होते. विदर्भातील गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. आई लवकर वारल्यावर बालपणाचा काही काळ ते आजोळी वाढले. पुढे इतरांकडून ग्रंथ वाचून घेऊन आणि आपले लेखन सांगून त्यांनी विपुल ग्रंथरचना केली. परंपरेने त्यांना 'प्रज्ञाचक्षू' म्हटले. हा गौरव सार्थ असला, तरी चरित्रात्मक लेखनावर त्याचा एक परिणाम होतो. आईविना वाढणाऱ्या अंध नातवाला आजोळाने कसे सांभाळले, त्याला पायवाटा कोणी शिकवल्या, पुढे दिवसचे दिवस ग्रंथ कोण वाचून दाखवी, या बाबी लीलेच्या प्रकाशात फिक्या पडतात. दिव्यत्व सिद्ध झाले की संगोपनाचे श्रम अनावश्यक ठरतात.

या पार्श्वभूमीवर शब्दांच्या अलीकडच्या इतिहासाकडे पाहणे उद्बोधक आहे. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारांच्या अपंगत्वाची नोंद होती. २०१६ च्या कायद्यात ती संख्या एकवीस झाली. दरम्यान 'अपंग' आणि 'विकलांग' हे शब्द मागे पडून 'दिव्यांग' हा शब्द राजभाषेत रूढ झाला. हक्कांची व्याप्ती वाढवणारा कायदा आणि देहाला दिव्य ठरवणारा शब्द एकाच वेळी यावेत, यात एक विसंगती आहे. 'दिव्यांग' हा 'प्रज्ञाचक्षू'चाच लोकशाही वारस आहे. त्यामागचा सद्हेतू मान्य करूनही असे म्हणावे लागते की, दिव्य अवयवाला मालिश लागत नाही, उतरण लागत नाही, ब्रेल पाटी लागत नाही. सुसान सोंटागने १९७८ मध्ये आजाराच्या रूपकीकरणाविरुद्ध जो इशारा दिला, तो मराठीत या शब्दाच्या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे. प्रस्तुत लेखात 'अपंग' हा जुना शब्द वापरला आहे तो याच कारणाने : तो सुखद नाही, पण निदान देहाविषयी बोलतो.

३

रूपकाच्या खालोखाल दुसरा स्तर दोषाचा आहे. महाभारतात व्यासांचे उग्र रूप पाहून अंबिका डोळे मिटते आणि म्हणून धृतराष्ट्र जन्मांध होतो. कथेची रचना निर्दय आहे : पुत्राचे अंधत्व हे मातेच्या एका क्षणिक शारीर प्रतिक्रियेचे फळ ठरते. ज्या नियोगात तिची इच्छा विचारात घेतलेली नाही, त्यात डोळे मिटण्याचा तेवढा अवकाश तिच्या वाट्याला होता, आणि नेमका तोच तिचा अपराध ठरतो. गांधारी पुढे आयुष्यभर डोळे बांधते, आणि इरावती कर्वे यांच्यापासून रत्नाकर मतकरींच्या 'आरण्यक'पर्यंत मराठी लेखकांना गांधारीचे ते कृत्य खुणावत राहिले. अंबिका मात्र दुर्लक्षित राहिली. पत्नीचे अंधत्व स्वीकारणे हे नाट्य आहे. आईने अंध मूल वाढवणे हे नाट्य नाही, असा हा अलिखित निकष दिसतो. हस्तिनापुरात अंध राजपुत्र कसा वाढला, हे महाभारतही जवळजवळ सांगत नाही.

अंबिकेचा दोष पुराणातच राहिला असता तर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. गर्भारपणी ग्रहण पाहिले, विळीवर काही चिरले, म्हणून मूल व्यंग घेऊन जन्मले, ही समजूत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आजही ऐकू येते. येथेही दोषाचा क्षण सापडतो, आणि तो स्त्रीच्या हातून घडलेला असतो. मराठवाड्यात व दक्षिण महाराष्ट्रात मामा-भाचीच्या, आत्ये-मामे भावंडांच्या विवाहाची रूढी अनेक जातींत आहे. जवळच्या नात्यातील विवाहांमुळे काही आनुवंशिक विकारांची शक्यता वाढते, असे वैद्यकशास्त्र सांगते. पण रूढी ही कुळाची असते, आणि ग्रहणात चुकलेली विळी एकट्या आईची. सामूहिक कारणाचे वैयक्तिक अपराधात रूपांतर करणारी ही कथनयंत्रणा ग्रामीण कादंबरीच्या अभ्यासकांनी तपासावयास हवी. अपंग मुलाच्या आईला बोलायचे असेल तर तिला आधी या तयार कथेतून बाहेर पडावे लागते.

४

आधुनिक मराठी रंगभूमीने हा दोष बाजूला सारून प्रश्न कुटुंबाच्या पातळीवर आणला, हे तिचे श्रेय आहे. जयवंत दळवी यांचे 'नातीगोती' हे या संदर्भातील सर्वाधिक चर्चिले गेलेले नाटक. काटदरे दांपत्य आणि त्यांचा वाढत्या वयाचा मतिमंद मुलगा बच्चू यांच्या भोवती फिरणाऱ्या या नाटकात दळवी करुणेला सवंग होऊ देत नाहीत. आईवडिलांचा थकवा, चिडचिड, परस्परांविषयीचा अव्यक्त राग, मुलाविषयीच्या ओढीतच दडलेली त्याच्यापासून सुटकेची इच्छा, या गोष्टी ते रंगमंचावर उघडपणे आणतात. संगोपनाचे आवर्तन येथे प्रथमच नाट्यवस्तू बनते. मध्यमवर्गीय घराच्या चार भिंतींचा बंदिस्त अवकाश आणि रोजच्या वेळापत्रकाचा काळ यांचा दळवींनी साधलेला मेळ मराठीत असाधारण आहे.

तरीही या नाटकाचे व्याकरण पालकांचे आहे. त्याचा मूलभूत प्रश्न 'आमच्यानंतर याचे काय?' हा आहे. या वाक्यात कर्तृत्व 'आम्हां'कडे आहे आणि 'हा' त्या चिंतेचा विषय आहे. १९९१ च्या 'चौकट राजा' या चित्रपटात केंद्र बदलते. बालपणीच्या अपघाताने ज्याची बुद्धी खुंटली तो नंदू प्रौढ देहाने पडद्याच्या मध्यभागी येतो, आणि त्याच्यामागे सुलभा देशपांडे यांनी उभी केलेली आई आहे. 'नातीगोती'तील पित्याची भूमिका करणारे दिलीप प्रभावळकर येथे नंदू झाले. एकाच समर्थ नटाने पिता आणि मतिमंद पुत्र या दोन्ही भूमिका कराव्यात, हा निव्वळ योगायोग मानला तरी त्याचा अर्थ लावता येतो. अपंगत्व हे मराठी प्रेक्षकासाठी अभिनयकौशल्याचे परिमाण झाले. टाळी मिळते ती नटाला, नंदूला नव्हे. भारुडातल्या सोंगाशी असलेले त्याचे नाते या ठिकाणी लक्षात यावे. मिचेल आणि स्नायडर यांनी २००० मध्ये मांडलेली 'कथनाची कुबडी' ही संकल्पना येथे उपयोगी पडते : कथानक अपंग देहावर भार टाकून पुढे सरकते आणि आपले काम झाले की त्याला विसरते.

५

या कसोटीवर २००४ साली प्रदर्शित झालेला संदीप सावंत यांचा 'श्वास' वेगळा ठरतो का? माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटाला राष्ट्रीय पातळीवर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. कोकणातील लहानग्या परशुरामच्या डोळ्यांना कर्करोग झाला आहे; जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. हे त्याला कोणी आणि कसे सांगावे, हा चित्रपटाचा नैतिक गाभा आहे. आजोबा, डॉक्टर आणि रुग्णालयातील समाजसेविका या तिघांच्या मधोमध मुलाचा 'जाणून घेण्याचा हक्क' उभा राहतो, ही मराठी चित्रपटातील मोलाची घटना आहे. मूल हे येथे केवळ दयेचा विषय राहत नाही. त्याला संतापण्याचा, नकार देण्याचा अवकाश मिळतो. संगोपन करणारा पुरुष, तोही आजोबा आहे, यामुळे आईच्या दोषाची आणि त्यागाची तयार कथाही टळते.

पण 'श्वास'चा काळ कोणता? तो शस्त्रक्रियेपूर्वीचा आहे. आजोबा नातवाला रुग्णालयाबाहेर नेऊन जग दाखवतात, ते 'शेवटचे पाहणे' आहे. म्हणजे चित्रपटाची सारी संवेदनशीलता डोळस जगाच्या निरोपावर खर्च होते. काळा चष्मा लावलेला परशुराम गावाकडे परततो, तेथे चित्रपट संपतो. आणि नेमका तेथूनच प्रश्न सुरू होतो. कोकणातील त्या वाडीत पायऱ्या, पाणंद, विहीर यांच्याशी तो नव्याने कशी ओळख करून घेईल? शाळा कोणती? ब्रेल कोण शिकवील? आजोबा गेल्यावर काय? 'श्वास' हा उत्तम चित्रपट आहे, आणि त्याने दुसराच चित्रपट व्हावे अशी मागणी करणे अन्याय्य होईल. तरी त्याच्या उत्तमपणाची सीमा कालाच्या निवडीने आखली गेली आहे, एवढे नोंदवणे समीक्षेचे काम आहे. सई परांजपे यांच्या 'स्पर्श' (१९८०) या हिंदी चित्रपटाशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होते. तेथे अंधत्व आधीच आहे, अंधशाळा हे रोजचे जग आहे, मुले त्यात खेळतात, भांडतात. आणि दया नाकारणारा अंध मुख्याध्यापक स्वतःच प्रौढ झालेल्या अंध मुलाचे एक शक्य भविष्य आहे. 'श्वास' दृष्टी जाण्याची कथा सांगतो. 'स्पर्श' दृष्टीविना जगण्याची.

६

कथनाचे व्याकरण खऱ्या अर्थाने बदलते ते प्रथमपुरुषी आत्मकथनात. नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' या दृष्टीने दलित आणि स्त्री आत्मकथनांच्या शेजारी ठेवून वाचावे असे पुस्तक आहे. किशोरवयात कमरेखालचा भाग निर्जीव झालेल्या या कोल्हापूरच्या मुलीने पुढे १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था स्थापली. संस्थेच्या वसतिगृहात अपंग मुलांचे संगोपन होऊ लागले. ज्याचे संगोपन झाले तोच पुढे संगोपक होतो, ही गोष्ट 'आमच्यानंतर याचे काय?' या वाक्याची रचनाच उलटी करते. येथे 'याने' स्वतः उत्तर दिलेले असते.

परंतु पालकाच्या दृष्टिकोणातून प्रामाणिक दीर्घकथन अशक्य आहे, असा निष्कर्ष यातून काढू नये. केन्झाबुरो ओए या जपानी कादंबरीकाराचा मुलगा १९६३ मध्ये मेंदूतील व्यंगासह जन्मला. १९६४ च्या कादंबरीत ओएने अशाच मुलाच्या मृत्यूची वाट पाहणारा पिता रंगवला. शेवटी तो पिता मुलाला स्वीकारतो. हा शेवट फार सोपा झाला अशी टीका तेव्हाच झाली. ओएने टीकेला दिलेले खरे उत्तर पुढच्या कित्येक दशकांच्या लेखनात आहे. तो पिता आणि तो मुलगा त्याच्या कादंबऱ्यांत वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या वयांत परत परत येत राहिले. स्वीकार हा क्षण नसून सराव आहे, हे एका कादंबरीत सांगता येत नाही. ते पुनरावृत्तीतूनच सांगावे लागते. रूपबंधाच्या पातळीवर संगोपनाच्या आवर्तनाला साहित्याने दिलेले हे एक समर्पक उत्तर आहे.

७

आता पुन्हा किल्लारीकडे वळता येईल. 'नातीगोती'तील प्रश्न भविष्यकाळाचा होता. ३० सप्टेंबरच्या त्या पहाटे अनेक मुलांच्या बाबतीत 'आमच्यानंतर' हे एकाएकी वर्तमान झाले. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद केली, ती सहा वर्षांनंतरची. त्याआधी जे उभे राहिले ते नात्यागोत्याच्या आणि संस्थांच्या बळावर. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले; लातूरजवळ हरंगुळ येथे पुढे मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी 'संवेदना' हे केंद्र उभे राहिले. या घटना पुनर्वसनाच्या इतिहासात नोंदल्या जातात, पण त्या कथनाचेही प्रश्न आहेत. पालक हयात नाहीत, तेव्हा निवेदक कोण? काकू, आजी, वसतिगृहातील ताई, की मोठे झालेले मूल? एकच निवेदक वीस वर्षांचा काळ पाहू शकत नाही. म्हणून असे कथन बहुस्वरीच असू शकते.

अवकाशाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. पुनर्वसनात घरांचे आकार जमिनीच्या मालकीवर ठरले : भूमिहीनांना २५० चौरस फूट, त्यावरच्या शेतकऱ्यांना ४५०, मोठ्या जमीनदारांना ७५०. दस्तऐवजाने कुटुंब वाचले ते सातबाऱ्यातून, देहातून नव्हे. चाकाच्या खुर्चीला वळायला किती जागा लागते, हा प्रश्न त्या कोष्टकात बसत नव्हता. जुन्या गावात अरुंद बोळ, हाताला लागणाऱ्या दगडी भिंती, वळणावरचा पार, गुरांचा वास यांच्या आधारे अंध मूल आपला नकाशा करू शकत होते. त्याच भिंतींनी माणसे मारली. नव्या वसाहतींत रस्ते रुंद व सरळ, आणि घरे एकमेकांसारखी. ती अधिक सुरक्षित आहेत यात शंका नाही. परंतु सारखेपणा हा डोळ्यांना व्यवस्था वाटतो. हाताला आणि पावलांना तो दिशाहीन वाटू शकतो. भूकंपोत्तर गावाचे वर्णन या पावलांकडून केले गेले तर 'जुने गाव गेले' या सरसकट स्मरणरंजनापेक्षा नेमके काहीतरी हाती लागेल.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. अशी मागणी ही वाङ्मयबाह्य, समाजशास्त्रीय मागणी नव्हे काय? लेखकाने कोणता विषय घ्यावा हे समीक्षेने सांगू नये, हे मान्यच आहे. पण येथे केलेली मागणी विषयाची नाही. अपंग मूल मराठीत विषय म्हणून विपुल आहे. दृष्टांतात आहे, सोंगात आहे, टाळीच्या वाक्यात आहे. उणीव आहे ती रूपबंधाची. आणि त्या रूपबंधाची बीजे परंपरेत नाहीत असेही नाही. मराठवाड्यातील बायकांची जात्यावरची ओवी ही मुळातच आवर्तनाची रचना आहे. पहाटे पहाटे, हाताच्या श्रमाच्या लयीत, तेच लेकरू, तेच माहेर, तेच दुःख थोड्या फरकाने पुन्हा गाणारी. पाळणा राजपुत्राच्या पराक्रमाचे भविष्य गातो, म्हणून ज्याच्या भविष्याची खात्री नाही अशा मुलासाठी तो परका ठरतो. ओवीला भविष्य लागत नाही. तिला पुढचा घास जात्यात टाकण्याइतका वेळ पुरतो. जाती बहुतेक ठिकाणी थांबली, पण त्या रचनेचे तत्त्व गद्याला अजूनही घेता येईल.

किल्लारीच्या वेळी पाच वर्षांचे असलेले मूल आज मध्यमवयाच्या उंबरठ्यावर आहे. ज्यांनी त्याला वाढवले त्यांपैकी अनेकजण आता वृद्ध आहेत किंवा नाहीत. आपत्तीचा क्षण अभिलेखागारात सुरक्षित राहील. त्याचे आकडे, छायाचित्रे, अहवाल उपलब्ध आहेत. संगोपनाचा काळ मात्र माणसांच्या स्मरणातच आहे आणि त्या माणसांबरोबर तो जातो आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने लातूर-धाराशिवच्या वसाहतींत जावे, ते भूकंपाची रात्र पुन्हा विचारण्यासाठी नव्हे. ती रात्र पुष्कळांनी विचारली आहे. त्यानंतरच्या दहा हजार सकाळी कोणी, कशा उजाडवल्या, हे विचारणे बाकी आहे.